काकूंच्या उपासासाठी लावलेली रताळी

आधीच सांगून टाकते, ही रताळी मी सूड घ्यायला लावली होती. नंतर कुणी म्हणायला नको, काय गुणाची पोरगी आहे, शेजारणीसाठी बाग फुलवली! बाग फुलवली हे खरं. शेजारणीसाठीच फुलवली, हेही खरं. पण मनात काय होतं ते ऐका.

आम्ही सातारा परिसरात राहतो, संभाजीनगरात. आमचं घर, मग एक रिकामा प्लॉट, मग काकूंचं घर. प्लॉटवाले पुण्यात असतात. त्यांनी पपांना फोनवर सांगितलं होतं, गाजरगवत माजण्यापेक्षा तुम्हीच लावा काय लावायचं ते, फक्त गेट बंद ठेवा. आईला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. खाली नुसता मुरूम होता. चितेगावच्या पुढं आईच्या मामाचं शेत आहे, तिथून आम्ही काळी माती आणली, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरून, मामाच्या टेम्पोत. किती खेपा झाल्या ते विचारू नका, माझी कंबर अजून आठवण काढते.

आणि पाणी! आमच्याकडं नळ आठ-आठ दिवस येत नाय. आला की सगळी कॉलनी ड्रम घेऊन पळते. मग झाडाला काय घालणार? तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, कूलरच्या टाकीत खाली उरलेलं. शहागंजात मडकी विकणाऱ्या मावशींकडं तडा गेलेले माठ पडून असतात, ते आणून आम्ही वाफ्यात गळ्यापर्यंत पुरले. माठ भरून ठेवायचा, वर झाकण, आतलं पाणी झिरपत झिरपत मुळाशी जातं. आणि उन्हानं माती तापू नये म्हणून वर उसाची चिपाडं. चौकातल्या रसवंतीवाल्याकडून मी रोज संध्याकाळी स्कुटीच्या पुढ्यात पोतं ठेवून आणायची. अंगाला उसाचा वास, मागं माश्या. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, तिथं माझं नावच रसवंती पडलं.

तर काकू.

काकू तशा गोड. भिंतीला टेकून आईशी अर्धा-अर्धा तास बोलणार. सुनेचं, गुडघ्याचं, सिरीयलचं, सगळं. आमचा दोडका भिंतीवरनं त्यांच्याकडं उतरला तर खुशाल तोडणार आणि वर हसून म्हणणार, "ताई, वेल स्वतःच्या पायानं आलाय माझ्याकडं, मी काय बोलावलं नव्हतं." आईपण हसायची. कच्ची भाजी काकूंना चालायची. भेंडी चालायची, वांगी चालायची, मिरच्या तर न विचारता चालायच्या.

शिजवलेलं मात्र कधीच नाय.

आम्ही बौद्ध. पौर्णिमेला आई पांढरी साडी नेसून विहारात जाते, बाकी घरात उपास-तापास काही नाय. त्यामुळं मला लहानपणी वाटायचं, काकू किती देवाच्या! आईनं काहीही पाठवलं की काकूंचा उपास. सोमवारी महादेवाचा, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा, शुक्रवारी देवीचा, शनिवारी मारुतीचा. बुधवारी पाठवलं तर पोट बिघडलेलं. रविवारी पाहुणे आलेले, "सैपाक उरलाय गं बाळा, फेकायला नको." जयंतीला आईनं खीर पाठवली तर म्हणाल्या, साखर वाढलीय. म्हणजे रक्तातली! आणि त्याच आठवड्यात मी त्यांना गल्लीच्या तोंडाला कुल्फी खाताना बघितलं, दोन्ही बाजूंनी चाटत.

मोठी झाल्यावर मला कळलं. कुणी सांगावं लागत नाय, ते कळतंच. पण आईला कळलं होतं का नाय, ते मला कधी कळलं नाय. ती पाठवतच राहिली. तिला वाटायचं, कधीतरी बरोबर दिवस सापडेल.

गेल्या वर्षी मे महिन्यात तो सापडला. आईनं प्लॉटातल्या वांग्यांचं भरीत केलं, गोवऱ्यांवर भाजून, त्यात भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि शेंगदाणे ठेचून. वाडगं घेऊन मीच गेले. काकू म्हणाल्या, "ठेव गं, आज शनिवार, संध्याकाळी सोडल्यावर खाते." ठेवलं! मी पळत घरी आले, आईला सांगितलं. आईचं तोंड बघायला पाहिजे होतं. संध्याकाळी वाडगं परत आलं, घासून, आत मूठभर साखर. रिकामं भांडं देत नाय ना कुणी. आणि काकू भिंतीवरनं म्हणाल्या, "काय भरीत होतं ताई! बोटं चाटली."

आईनं हे पपांना दोनदा सांगितलं. एकदा जेवताना, एकदा पपा बातम्या बघत होते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी प्लॉटात गेले, ऊन चढायच्या आत तांदुळजा खुडायला. काकूंच्या भिंतीलगतच तांदुळजाचा वाफा आहे. त्यात ते भरीत पडलं होतं. सगळंच्या सगळं. मिरचीचे काळे तुकडे, शेंगदाणे, सगळं ओळखू येत होतं. मुंग्या लागल्या होत्या. भिंतीवरनं टाकलं होतं, आमच्याच वाफ्यात. त्यांच्या घरात कचऱ्याची बादली नव्हती का हो? होती. पण घंटागाडी येईपर्यंत घरात ठेवायचं नसेल.

मी खुरप्यानं खड्डा केला आणि ते पुरलं. वरनं माती दाबली, पायानं. आईला सांगितलं नाय. तांदुळजा घेऊन घरी गेले आणि दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या बोटांत जरा जास्तच जोरात सुया टोचल्या. माफ करा ज्यांचं त्या दिवशी रक्त घेतलं.

मला भांडण नको होतं. भांडले असते तर काकू म्हणाल्या असत्या, "अगं बाळा, हातातनं पडलं असेल." त्यांची जीभ फार वळते. मला त्यांना अशा जागी उभं करायचं होतं जिथनं दोनच वाटा असतील. एक तर सगळ्यांसमोर आईच्या हातचं खायचं, नाय तर तोंडानं सांगायचं का खात नाय ते. उपास, पोट, साखर, पाहुणे, सगळी दारं बंद.

मग डोक्यात आलं. उपास म्हणता ना? ठीक आहे. उपासालाच चालेल ते पिकवते!

मी मोबाईलवर यादीच काढली. भगर आणि साबुदाणा बाद, ते प्लॉटात येत नाय. शेंगदाण्याला उंदीर सोडत नाय. उरलं रताळं आणि काकडी. आई म्हणाली, "रताळं कशाला गं? आपल्यात कोण खातं? गवार लाव की." मी म्हणाले, "आई, रताळं तब्येतीला लई चांगलं, सगळे डॉक्टर सांगतात." डॉक्टरचं नाव घेतलं की आई गप होते.

डिसेंबरात बाजारातनं चार रताळी आणली, बरणीत अर्धी पाण्यात उभी ठेवली. कोंब आले, वेल आले, संक्रांतीनंतर ते कापून सरीवर लावले. काकडी मार्चात टोकली. आणि मग रोज सकाळी माठ भरताना मी त्या वेलांशी बोलायची. प्रेमानं बिमानं नाय. "काकूंना गोड लागलं पाहिजे," म्हणायची, "एवढं गोड, की थुंकता आलं नाय पाहिजे." एप्रिलात ऊन असं पडलं की दुपारी पानं मेल्यासारखी लोंबायची. मी हिरवी नेट बांधली, आईच्या दोन जुन्या साड्या बांधल्या, लॅबमधनं जेवायच्या सुट्टीत येऊन काकडीवर पाणी शिंपडून जायची. काकडीला फळमाशी लागली तर गुळाच्या पाण्याचा सापळा केला आणि माशा मेल्या की मोजायची. एवढा जीव मी दहावीच्या अभ्यासाला लावला नव्हता.

त्याच नेटखाली मी कोथिंबीर पण टाकली होती. उन्हाळ्यात कोथिंबीर म्हणजे खेळ नाय, उगवायच्या आधी करपते. मी धणे रगडून, रात्रभर भिजवून, वर चिपाडं, वर ओलं गोणपाट, सगळं केलं. आणि ती आली! हिरवीगार, दाट. मी तिचे फोटो इतक्या जणांना पाठवले की एका मैत्रिणीनं मला ब्लॉक केलं.

मेमध्ये रताळी काढली. वेल छाटला, कुदळ लांबून मारली आणि मग हातानंच माती उकरत गेले. आधी नुसती बारीक मुळं, मला रडूच यायला लागलं. मग एक लागलं, लालसर, मनगटाएवढं. मग दुसरं. घुशीनं दोन-तीन कुरतडली होती, तरी टोपलंभर निघाली. आई वाफ्याच्या कडेला बसून माती पुसत होती आणि हसत होती, "अगं बया, खरंच आली की!" तिला बिचारीला वाटलं, पोरीला शेतीचा नाद लागला.

एकादशीच्या आदल्या दिवशी मी भिंतीशी गेले. काकू तुळशीला पाणी घालत होत्या.

"काकू, उद्या उपास?"

"व्हय तर. एकादशी नाय का. माझी एक एकादशी चुकत नाय."

"काहीच खात नाय?"

"फराळाचं खाते की. भगर, रताळं, दाण्याची आमटी."

"रताळं चालतं?"

"चालतं म्हणजे! मला तर लई आवडतं."

झालं! मनात मी उडी मारली. त्यांच्याच तोंडून निघालं. आणि एकादशीला सकाळी त्यांच्या ओट्यावर कॉलनीतल्या दोन बायका येऊन विष्णुसहस्रनाम म्हणतात, हे मला माहीत होतं. एक शाळेतनं रिटायर झालेल्या बाई, एक कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्या मावशी. म्हणजे साक्षीदार तयार.

रताळ्याचा कीस मी करणार होते, पण आई म्हणाली, तुला कीस कसा परतायचा कळतं का, चिकट करून ठेवशील. तिनंच केला. मी मोबाईलवर कृती लावून तिला सांगत होते, उपासाला हळद नाय, मोहरी नाय, तेल नको, तूप घे. आई म्हणाली, "एवढे नियम? बरं." तूप, जिरं, हिरवी मिरची, कीस, दाण्याचं कूट, मीठ, चिमूटभर साखर. काकडीची कोशिंबीर वेगळी, पाणी सुटतं म्हणून ती मागनं नेणार होते. सगळं मी दोनदा तपासलं. डबा भरला, आणि शेवटी मी प्लॉटात पळत गेले, माझी ती कोथिंबीर खुडून आणली आणि वरनं भरपूर, अगदी लग्नातल्यासारखी पेरली. काय दिसत होतं!

मी डबा घेऊन निघाले तर आई म्हणाली, "थांब, मी येते. मी केलंय, मी देते." हे माझ्या प्लॅनमध्ये नव्हतं. मला आईला त्या ओट्यावर न्यायचं नव्हतं. पण तिनं पदर नीट केला, चपला घातल्या. आता काय सांगणार?

अकरा वाजले असतील. ओट्यावर पंखा लावलेला, तिघी नुकत्याच वाचून उठत होत्या.

"या या ताई," काकू म्हणाल्या, "आज इकडं कसं काय?"

आई म्हणाली, "वहिनी, पोरीनं प्लॉटात रताळी लावली होती. म्हणलं तुमचा उपास, कीस केला. तूपच घातलंय, तेल नाय. सगळं उपासाचं बघून केलंय."

शिक्षिका बाई म्हणाल्या, "अरे वा, घरची रताळी!"

मी काकूंच्या तोंडाकडं बघत होते. एका क्षणासाठी ते तोंड रिकामं झालं. खरंच रिकामं, जसं बटण दाबल्यावर टीव्ही होतो. मला एवढा आनंद झाला की टाळी वाजवायचीच बाकी राहिली. मग काकूंनी डब्याचं झाकण उघडलं आणि हसल्या.

"अगं बाई! कोथिंबीर?"

"व्हय, ताजी आहे," आई म्हणाली.

"पण ताई, कोथिंबीर नाय चालत उपासाला. आमच्यात तर अजिबात नाय."

मी कृती दुप्पट वेगानं बघितली होती. मी सगळं दुप्पट वेगानं बघते. व्हिडिओतली बाई बहुतेक म्हणालीही असेल, चालत असेल तर घाला. चार महिने पाणी, नेट, माशा, घुशी, सगळं करून शेवटी मीच काकूंच्या हातात दार उघडून दिलं. माझ्या फोटोवाल्या कोथिंबिरीनं!

आईचं तोंड पडलं. "चुकलंच की गं," ती मला म्हणाली. मग काकूंना, "थांबा वहिनी, काढून टाकते." आणि तिनं खरंच डबा घेतला, ओट्याच्या कडेला टेकली आणि एकेक पान चिमटीनं उचलून झाकणात ठेवायला लागली. एकेक पान. तिला वाटत होतं, ते पान हीच अडचण आहे.

पंखा फिरत होता. गिरणीवाल्या मावशी आपल्या पायाकडं बघत होत्या.

काकूंनाच ते बघवेना. म्हणाल्या, "राहू द्या ताई, कशाला एवढं. डबा ठेवून जा, मी संध्याकाळी खाते."

आणि आई म्हणाली, "चालेल, तसं करा," आणि तिचं तोंड परत उजळलं. तेच तोंड, भरताच्या दिवसाचं. ते मला दुसऱ्यांदा नाय बघवलं.

"संध्याकाळी नाय," मी म्हणाले. "संध्याकाळी तुम्ही भिंतीवरनं फेकता. आमच्या तांदुळजात. भरीत मी माझ्या हातानं पुरलंय, काकू."

आवाज माझा वाटला होता त्याच्यापेक्षा मोठा निघाला. समोरच्या घरातलं कुत्रं उठून बसलं.

"काय बोलते ही!" काकू म्हणाल्या. "अगं पोरी, हातातनं..."

"सगळं वाडगं हातातनं पडलं? आणि साखर घालून परत आलं?"

आईनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं होतं, सूड म्हणजे काकूंचं तोंड उतरेल. पण आधी आईचं उतरलं. वर्षभर मी तिच्यापासनं जे लपवलं ते मीच चार बायकांसमोर सांगितलं. वाईट वाटलं का? वाटलं. पण थांबले असते का? नाय. खोटं कशाला बोलू?

आई काकूंना म्हणाली, "व्हय का वहिनी?"

एवढंच. ओरडली नाय, काही नाय. काकूंनी त्या दोघींकडं बघितलं, कुणीतरी मदतीला येईल म्हणून. शिक्षिका बाई चष्मा पुसत होत्या. मदतीला कुणी आलं नाय.

"आमच्या घरात नाय चालत ताई," काकू म्हणाल्या. अगदी हळू, पण म्हणाल्या. "सासूबाईंपासनं तसं आहे. मनात काही नाय माझ्या, पण नाय चालत."

"काय नाय चालत?" आई म्हणाली. "कोथिंबीर?"

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"बोला की. इतकी वर्षं मी वार बघून पाठवते. कोथिंबीर नाय चालत का आम्ही?"

"तुमच्या हातचं," काकू म्हणाल्या.

हे वाक्य मला हवं होतं. चार महिने ह्याच्यासाठी माठ भरले होते. ऐकल्यावर कानात गरम झालं, पण मी खाली बघितलं नाय, काकूंच्या डोळ्यांत बघत राहिले. नजर त्यांनी वळवली.

मला वाटलं, आई आता डबा उचलणार आणि घरी जाऊन आतल्या खोलीत बसणार. आई हलली नाय. तिनं ओट्यावर मांडी घातली. नीट, सावकाश, साडीच्या निऱ्या सारख्या करत. डबा पुढ्यात घेतला आणि हातानं कीस खायला लागली.

"ये," ती मला म्हणाली. "गार होतोय."

मी तिच्या शेजारी बसले. कीस असला गोड झाला होता काय सांगू, तुपात जरा कुरकुरीत, मधनं मिरची. आम्ही खात होतो आणि काकू दारात उभ्या होत्या. आत जाता येईना, कारण बायका बसलेल्या. उठा म्हणता येईना, कारण काय कारण सांगणार? गिरणीवाल्या मावशींनी एकदा काकूंकडं बघितलं, एकदा डब्याकडं, आणि मग हात पुढं केला.

"जरा इकडं द्या. सकाळपासनं पोटात काय नाय."

आईनं डबा सरकवला. मावशींनी मोठा घास घेतला, चावला. "मीठ कमी आहे," म्हणाल्या आणि दुसरा घेतला. शिक्षिका बाई चष्मा घालून तुळशीकडं बघत बसल्या. त्यांनी खाल्लं नाय, उठून पण गेल्या नाय. त्यांचा हिशोब मी मनात वेगळा ठेवलाय.

आतनं भगर लागल्याचा वास यायला लागला. काकूंच्या गॅसवर होती. त्या पळाल्या, आतनं भांडं आदळल्याचा आवाज आला, मग परत दारात आल्या. भगर करपली होती. म्हणजे त्या दिवशी काकूंना फराळाला काहीच उरलं नाय. त्यांना लई आवडणारं रताळं चार हातांवर होतं, आणि आई एकेक घास हळूहळू चावून खात होती. घाई तिला कसलीच नव्हती. एवढी सावकाश जेवताना मी तिला आयुष्यात बघितलं नव्हतं.

डब्याच्या तळाला थोडा कीस राहिला होता. मी म्हणाले, "आई, झालं का? चल."

"बस की," आई म्हणाली. "अजून आहे."